छताची कंगणी आणि घरचें अंदाजपत्रक



आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. भिंत आणि छत जेथें मिळतात तेथें चहूंकडून जी नक्षीची पट्टी फिरवितात, तिला आपल्याकडे कंगणी म्हणतात. कारागिरांच्या तोंडीं हल्लीं 'कॉर्निस' हाच शब्द आहे. ही कंगणी नवी बसवावयाची किंवा जुनी दुरुस्त करावयाची झाल्यास खर्चाचा अंदाज कसा करावा, एवढेंच मला सांगावयाचें आहे. ज्या घरांत धान्य, औषधपाणी आणि मुलांचें शिक्षण यांची तोंडमिळवणी करतां करतां महिनाअखेर येते, तेथें छताच्या नक्षीची चर्चा कशाला, असें कोणी म्हणेल. तें म्हणणें गैर नाहीं. परंतु ज्याला आपण शोभेचा खर्च समजतों, त्याच्या पोटांत केव्हां केव्हां घराच्या सुरक्षिततेचा प्रश्न दडलेला असतो. मला हें शहाणपण बरेंच महाग पडलें. आणि महाग पडलेलें शहाणपण इतरांस फुकट वांटावें, ही आम्हां मास्तर मंडळींची जुनी खोड आहे.

प्रथम कंगणी असते कशासाठीं, तें पाहूं. भिंत विटांची, छत लाकडाचें किंवा काँक्रीटचें. ऊन, थंडी आणि ओल यांनीं दोहोंची हालचाल सारखी होत नाहीं. म्हणून त्यांच्या सांध्यावर बारीक चीर पडण्याचा संभव असतो. ती चीर झांकावी आणि काटकोनाची रेषा डोळ्यांस सौम्य दिसावी, या दुहेरी हेतूनें ही पट्टी फिरवितात. ग्रीक व रोमन वास्तूंपासून चालत आलेली ही तऱ्हा मुंबईच्या जुन्या घरांतहि रुळली. १९३० नंतरच्या वीस वर्षांत दादर, माटुंगा, मरीन ड्राइव्ह या भागांत आर्ट डेको धर्तीच्या ज्या इमारती उठल्या, त्यांतील कित्येक दिवाणखान्यांत ती आढळते. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह येथील अशा इमारतींचा समूह, शेजारच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह, २०१८ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादींत दाखल झाला. बाहेरच्या दर्शनी भागाचें कौतुक झालें तें योग्यच. पण त्याच काळाची आंतील कारागिरी आपल्यासारख्यांच्या घरीं अजून छताला टेकून आहे, याचें भान फारसें कोणाला नसतें.

आतां ही कंगणी कशाची असते? जुनी पुष्कळ वेळां चुन्याच्या गिलाव्यांत, पत्र्याचा साचा जागेवरच फिरवून ओढलेली असे. हल्लींची बहुधा प्लॅस्टर ऑफ पॅरिसची, आंत काथ्या घालून साच्यांत ओतलेली असते. जिप्सम नांवाचें खनिज आपल्या देशांत मुख्यत्वें राजस्थानांत सांपडतें. तें सुमारें १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविलें म्हणजे त्यांत बद्ध असलेल्या पाण्याचा तीन-चतुर्थांश भाग निघून जातो आणि हें प्लॅस्टर तयार होतें. त्या पुडींत पुन्हा पाणी कालविलें कीं कांहीं मिनिटांत ती घट्ट होते. पाण्यानेंच ती घट्ट होते खरी, पण पाणी हाच तिचा शत्रूहि आहे. कारण एक लिटर पाण्यांत सुमारें दोन ग्रॅम जिप्सम विरघळतें. दोन ग्रॅम म्हणजे कांहींच नव्हे. परंतु चार महिने झिरपणाऱ्या पाण्याला घाई नसते. ही गोष्ट अंदाजपत्रकाच्या पहिल्याच ओळींत लिहून ठेवावी. मीं ती लिहिली नव्हती.

आमची इमारत १९४० च्या सुमाराची, आणि आमचें बिऱ्हाड सर्वांत वरच्या मजल्यावर. २०१८ च्या दसऱ्याच्या सुमारास दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यांत कंगणीवर तपकिरी डाग दिसूं लागला. एका कंत्राटदारास बोलाविलें. त्यानें जुनी सगळी काढून नवी तयार कंगणी बसविण्याचा दर फुटामागें सांगितला. खोली १५ फूट लांब व १२ फूट रुंद. दोहोंची बेरीज २७, तिची दुप्पट ५४ फूट. ५४ ला दरानें गुणिलें. रक्कम आंवाक्यांतील निघाली. तीन भिंतींवरील जुनी कंगणी ठणठणीत होती. पण "सगळी एकसारखी दिसेल" या एका वाक्यावर ती मीं पैसे देऊन फोडून घेतली. चार दिवसांत काम झालें. दिवाळीला येणारा प्रत्येकजण मान वर करून पाही, आणि मीहि खूष होऊन दर सांगत असें.

पुढच्या वर्षीं, म्हणजे २०१९ च्या जुलैंत, एका दुपारीं त्याच कोपऱ्यांतील अडीच फुटांचा तुकडा खालीं आला. खालीं माझ्या नातीचें अभ्यासाचें मेज होतें. ती त्या वेळीं पेन्सिलीला टोंक करण्यासाठीं उठून खिडकीशीं गेली होती. तुकडा तिच्या उघड्या वहीवर पडला. मागाहून मीं तो वजन करून पाहिला. साडेतीन किलो भरला. त्या रात्रीं मीं खर्चाची वही काढून बसलों. गुणाकारांत एका पैचीहि चूक नव्हती. उदाहरणाची मांडणीच चुकली होती. गच्चींतून झिरपणारें पाणी मीं त्यांत धरलेंच नव्हतें.

म्हणून आतां मी जें सांगणार आहें, तें दरांविषयीं नाहीं. दर गांवागणिक आणि हंगामागणिक बदलतात. खर्चाचीं कलमें कोणत्या क्रमानें मांडावीं, तें सांगतों.

पहिलें कलम पाण्याचें. छतावर डाग, पापुद्रा किंवा बुरशी असेल तर एक पावसाळा लक्ष ठेवून पाणी कोठून येतें हें निश्चित करावें, आणि तें थांबेपर्यंत कंगणीवर एक रुपयाहि घालूं नये. हा खर्च नेहमींच आपला असतो असें नाहीं. महाराष्ट्रांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें गच्चींतून पावसाचें पाणी गळून वरच्या मजल्यावरील छत व त्याचा गिलावा बिघडल्यास तो दुरुस्त करणें हें संस्थेचें काम आहे. उलट, वरच्या बिऱ्हाडाच्या न्हाणीघरांतून गळती असेल तर ती संबंधित सभासदांनीं आपसांत मिटवावयाची असते. तेव्हां प्रथम संस्थेस लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोंच घ्यावी. जिन्यांत उभ्या उभ्या केलेल्या तक्रारीची नोंद कोठेंच राहत नाहीं. छत काँक्रीटचें असल्यास आणखी एक गोष्ट पाहावी. आंतील सळई गंजली म्हणजे गंज मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीटला आंतून फोडतो. लांकडी मुठीनें हलकेंच ठोकून पाहतां जेथें पोकळ आवाज येतो, तेथें सजावटीच्या कारागिराआधीं इमारतीच्या अभियंत्यास बोलवावें.

दुसरें कलम पायाचें, म्हणजे ज्यावर कंगणी चिकटावयाची त्या पृष्ठभागाचें. जुन्या रंगावर प्लॅस्टर धरत नाहीं. रंग खरवडून, टोंचे मारून, सुटलेला गिलावा नवा करावा लागतो. हा गिलावा पुरता वाळूं द्यावा. त्याला कित्येक आठवडे लागतात. जड कंगणीला नुसत्या चिकटण्यावर विसंबूं नये, स्क्रूचाहि आधार द्यावा; ते पितळेचे किंवा जस्ताचा मुलामा दिलेले असावेत, कारण साधें लोखंड प्लॅस्टरांत गंजून पुन्हा तपकिरी डाग आणतें. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावें, असा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्यापूर्वींच्या रंगाची खात्री देतां येत नाहीं. तो ओला करूनच खरवडावा आणि त्या दिवसांत मुलांना त्या खोलींत येऊं देऊं नये.

तिसरें कलम प्रत्यक्ष कंगणीचें. येथेंहि एकंदर फुटांवर न थांबतां तुकडे मोजावेत. समजा, तयार कंगणी आठ फुटी मिळते. ५४ भागिले ८ म्हणजे पावणेसात. १५ फुटांच्या प्रत्येक भिंतीस एक आठ फुटी व एक सात फुटी, असे दोन्ही भिंतींचे मिळून चार नग. १२ फुटांच्या दोन भिंतींस प्रत्येकीं एक अखंड, आणि तिसरा अर्ध्यावर कापून दोहोंकडे, असे तीन. एकूण सात. परंतु कोपऱ्याचा तिरपा काप एखादे वेळीं चुकतो, वाहतुकींत एखादें टोंक तुटतें. म्हणून आठ घ्यावेत. पॉलिस्टायरीनची हलकी पट्टी स्वस्त मिळते, पण ती लवकर पेट घेते. स्वयंपाकघरांत किंवा देवापुढील समईच्या वर ती नको.

चौथें कलम परांची, रंग आणि राडारोडा यांचें. हीं तिन्ही बहुधा तोंडी बोलण्यांत राहून जातात आणि शेवटच्या दिवशीं उभीं राहतात. दर सांगतांना परांची कोणी आणावयाची, कंगणीबरोबर छताचाहि रंग धरला आहे काय, मोडतोड कोण उचलणार, आणि कर धरून कीं वगळून, हे चार प्रश्न विचारून उत्तरें कागदावर घ्यावीत. पांचवें कलम अकल्पित खर्चाचें. जुन्या घरांत कंगणी काढल्यावर आंत काय निघेल, हें कोणालाच सांगतां येत नाहीं.

पहिल्या खेपेस मीं तिसरें कलम तेवढें धरलें होतें. दुसऱ्या खेपेस संस्थेनें गच्चीचें काम पुरें केल्यावर, २०२० च्या जानेवारींत, आमचा दिवाणखाना पुन्हा झाला. त्या वेळच्या माझ्या वहींतील प्रमाण असें: दर शंभर रुपयांपैकीं परांची व खरवडणें यांस १५, गिलाव्यास २५, कंगणीस मजुरीसह ३०, रंगास २०, राडारोड्यास ४ आणि अकल्पित ६. तुमच्या घरीं आंकडे वेगळे येतील. पण सांगितलेला दर हा एकंदर खर्चाचा तिसरा हिस्साहि नसूं शकतो, एवढें ध्यानांत ठेवावें.

दुरुस्तीचा हिशेब याहून निराळा. आमच्या निजावयाच्या खोलींत, १२ बाय १० फुटांच्या, १९४० ची चुन्याची कंगणी शाबूत होती. फक्त तीन फूट फुटली होती. नवीचा अंदाज ४४ फुटांचा निघाला. परंतु या वेळीं मीं एका वृद्ध कारागिरास विचारलें. त्यानें चांगल्या भागावरून साचा घेतला, तीन फुटांचा तुकडा ओतला, आणि सांधा असा मिळविला कीं आज मलाहि बोट दाखवितां येत नाहीं. त्याचे व त्याच्या मदतनीसाचे दोन दिवस गेले. मजुरी ऐकून "तीन फुटांचे एवढे?" असे शब्द माझ्या ओठांवर आले होते; ते मीं गिळले. तीन फूट असोत कीं सहा, साचा एकदांच करावा लागतो आणि त्याला वेळ तितकाच लागतो. नव्या कामाचा हिशेब फुटांवर होतो. दुरुस्तीचा दिवसांवर करावा. तसा केल्यावर माझा खर्च नव्या कामाच्या निम्म्याहूनहि कमी आला, आणि कारागिरास त्याच्या कसबाचें मोल मिळालें. दिवाणखान्यांतील तीन भिंती जेव्हां मीं फोडून घेतल्या, तेव्हां हें मला ठाऊक असतें तर बरें झालें असतें. त्या आतां कोणत्याहि दरानें परत यावयाच्या नाहींत.

वेळेविषयीं दोन शब्द. पाहणी पावसाळ्यांत करावी, काम दिवाळीनंतर काढावें. दिवाळीपूर्वीं रंगारी आणि कारागीर घाईंत असतात, आणि जून ते सप्टेंबरपर्यंतची ओल भिंतींतून पुरती गेलेली नसते. आगाऊ रक्कम एकतृतीयांशाहून अधिक देऊं नये. मात्र काम झाल्यावर उरलेली देण्यास विलंबहि लावूं नये.

आणि पैसे पुरतच नसतील तर? तर धोक्याची कंगणी उतरवून घ्यावी, गळती बंद करावी, सांधा साध्या गिलाव्यानें सरळ करून वर पांढरा रंग द्यावा, आणि स्वस्थ बसावें. नक्षीवांचून घराला कमीपणा येत नाहीं. नक्षी पुढें केव्हांहि करतां येते.

आमच्या नातीचें मेज अजून त्याच कोपऱ्यांत आहे. तें हलवावें असें मीं सुचविलें होतें. पण उजेड तेथेंच चांगला येतो असें तिचें म्हणणें पडलें, आणि तें खरें आहे. म्हणून दर पावसाळ्यांत पहिली मोठी सर येऊन गेली कीं मी खुर्चीवर चढून तो कोपरा बोटांनीं चांचपून पाहतों. गेलीं कांहीं वर्षें तो कोरडा आहे. आपणहि आज दिवा लावल्यावर एकदां मान वर करून आपलें छत पाहावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.