शिरोळच्या पहिलीच्या वर्गात आम्ही काय पाहिले

(शिरोळ येथील पालकसभेत केलेले भाषण)



आम्ही अध्यापक विद्यालयाचे विद्यार्थी. सरावासाठी आम्हांस येथल्या एका शाळेत पहिलीच्या वर्गात बसविले. तेथे मागच्या भिंतीला टेकून जे पाहिले ते तुमच्यापुढे मांडतो. बाईंना नावे ठेवण्यास आम्ही उभे नाही. बाई राबतात, आणि शिकविण्याखेरीज माहित्या भरणे, खिचडीचा हिशेब ठेवणे ही लोढणी त्यांच्या गळ्यात आहेत ती निराळीच.

वर्गात शिरताच कान तृप्त होतात. फळ्यावर छडी फिरते आणि सारी पोरे एका सुरात 'क का कि की' म्हणतात. रस्त्याने जाणाऱ्या बापाला वाटावे, पोरगे शिकले! आम्ही एका पोराजवळ बसून तक्त्यातल्या 'म'वर बोट ठेवले. पोरगे गप्प. मग त्याने 'क'पासून सुरुवात केली, एकेक घर मोजीत, गुणगुणत आमच्या बोटापर्यंत आले आणि म्हणाले, "म!" बोट 'ब'वर नेले, तर स्वारी पुन्हा 'क'कडे! अर्थ न कळता मंत्र घोकणाऱ्यांना आपण दीडशे वर्षे हसत आलो. तीच घोकंपट्टी आपल्याच पोरांच्या तोंडी बसली आहे, याचे हसू कोणाला यावे? शेजारच्या पोरीने वहीभर मोत्यासारखे अक्षर काढले होते. काय लिहिलेस, विचारले. "फळ्यावरचं," म्हणाली.

आपल्या गावाचेच नाव घ्या. तोंडातून आधी 'श' निघतो, मग 'इ'. कागदावर मात्र वेलांटी आधी. हे कोणी उलगडून सांगत नाही, आणि पोर लाल फुली खाते. आपल्या शिवारभर ऊस. तक्त्यावर तो दीर्घ, पण 'उसाचा' लिहिताना ऱ्हस्व. बोलताना कानाला फरक लागत नाही. 'उस' लिहिणारे पोर आपल्या कानाला धरूनच लिहिते. ही खोच लेखनाच्या नियमांची आहे, पोराच्या डोक्याची नव्हे. तीच गत 'पानी' आणि 'न्हाई'ची. घरची बोली अशुद्ध ठरली की पोर तोंड मिटते, आणि मिटल्या तोंडाने वाचायला कोण शिकले आहे?

वर्गात चारपाच पोरे खरोखर वाचतात. याच पद्धतीने ती शिकली, असे आम्हांस सांगण्यात आले. चौकशी केली, तर कोणाचा बाप नोकरीत, कोणाची आई बारावी झालेली. ती घरूनच शिकून आली होती. ज्या घरात शिकविणारे कोणी नाही तेथल्या पोरीला जे शाळेने द्यावयाचे, तेच शाळा घरावर सोडते! बीडकडून ऊसतोडीला आलेल्यांचे घर तर पालाचे. हंगाम सरला की तेही उठते.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनकडे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्तीचे शिक्षण मागितले, आणि शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातले असावेत असेही मागितले. लोकांत मिसळणारा, त्यांची गरज जाणणारा मास्तर त्यांना हवा होता. १९१७ साली शाहू छत्रपतींनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. २००९ चा कायदा देशभर त्याच वाटेने आला. पोर बाकावर बसले खरे. पण तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे ध्येय केंद्र सरकारला २०२१ साली 'निपुण भारत'मध्ये ठरवावे लागले. बाकावर बसणे आणि वाचणे यांतले अंतर यावरून समजा.

बाईंच्या परवानगीने आम्ही एक तास घेतला. काल घरी काय झाले, विचारले. एक पोरगी म्हणाली, "आमच्या म्हशीनं रेडकू दिलं." तेच जसेच्या तसे फळ्यावर लिहिले, सर्वांनी बोट फिरवीत वाचले. मग म्हैस कुठे आहे, शोधा म्हटले. 'म'साठी 'क'पासून निघणारा तोच पोरगा उठला आणि त्याने 'म्हशीनं'वर हात ठेवला! पहिलीला जोडाक्षर कठीण, असे आम्हांस पढविले होते. म्हशीला ते ठाऊक नसावे. एका तासात पोर वाचू लागले, असे आम्ही म्हणत नाही. तोच 'म' पुढे सुटा करून मक्यात, मातीत रोज शोधावा लागतो, आणि ते काम चिकाटीचे आहे.

तुम्ही घरी एवढे करा. पोर धडा धडाधड म्हणू लागले की पानाच्या मध्येच बोट ठेवा. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही त्यांनाही हे जमते. पोर बोटाखालचे सांगते की पहिल्या ओळीपासून निघते, हे कानाला कळते. कारखान्याच्या काट्याची पावती तुमच्यापैकी कितीजण दुसऱ्याकडून वाचून घेता, हे आम्ही विचारीत नाही. येत्या सोमवारी वर्गात त्याच पावत्या वाचावयाच्या आहेत. पोराच्या दप्तरात एकेक घालून द्या. जुनी, चुरगळलेली असली तरी चालेल.