सातबारा मेलेल्याच्या नावावर, पोट जित्याचं

(कोपर, जि. ठाणे येथील बैठकीत केलेले भाषण)



कापसाची आणि ज्वारीची बैठक डोंबिवलीच्या शेजारी कोपरला कशाला, असं काहींनी विचारलं. कारण सरळ आहे. कोरडवाहू शेतीत चार तोंडांचं भागत नाही म्हणून आपली पोरं इथं आली, कारखान्यात, गोदामात लागली. गावी सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झाली. इथल्या मूळ शेतकऱ्यांची भातशेती इमारतींखाली गेली. जमिनीला मोल नसतं तेव्हा वारसाचा कागद कोणी करत नाही. मोल आलं की भाऊ भावाकडे आणि बहीण भावाकडे सहीसाठी खेटे घालते. आपण ती वेळ येऊ द्यायची नाही.

आधी कराची भीती काढून टाकू. माणूस मेला की सरकार वाटा मागतं, असं अजून कोणीतरी पारावर सांगतो. तसा कायदा होता. १९५३ साली मृत्युकर आला, वरच्या टप्प्यात तो ८५ टक्क्यांपर्यंत गेला. १६ मार्च १९८५ पासून तो रद्द झाला. १९५८ चा बक्षीस कर १९९८ साली गेला, संपत्ती करही २०१६ पासून नाही. वारसाने किंवा मृत्युपत्राने आलेल्या मिळकतीवर आयकर लागत नाही. बायको, मुलं, भाऊ, बहीण यांनी दिलेल्या बक्षिसावरही नाही. परक्याने वर्षात ५०,००० रुपयांच्या वर दिलं तर मात्र लागतो. २०२४ साली ब्रिटनच्या सरकारने शेतजमिनीवरची वारसाकराची सूट कमी करायचं जाहीर केलं तेव्हा तिथले शेतकरी लंडनच्या रस्त्यावर उतरले. आपल्याकडे आज तो कर नाही. आपलं घर कर बुडवत नाही, न केलेला कागद बुडवतो.

कागद केला नाही तर काय होतं? हिंदू वारसा कायदा १९५६ चा. समजा, एकाने स्वतःच्या कमाईने ६ एकर घेतली आणि तो मृत्युपत्र न करता गेला. मागे आई, बायको, दोन मुलं, एक मुलगी. पाच समान वाटे पडतात, प्रत्येकी १ एकर ८ गुंठे. लेकीचा वाटा लेकाएवढाच. वडिलोपार्जित जमिनीतही महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली लेकीला जन्माने हक्क दिला. बाप २००५ च्या आधी वारला असला तरी लेकीचा हा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. 'तिला लग्नात दिलं' हे उत्तर कायद्यात बसत नाही.

आता मृत्युपत्र. त्याला स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. करणारा सज्ञान आणि शुद्धीवर हवा. सही किंवा अंगठा हवा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्याला मिळकत मिळणार त्याला साक्षीदार करू नका, संशयाला जागा राहते. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण पाहा. गट नंबर, क्षेत्र, विहिरीच्या पाण्याची पाळी, बांधावरची वाट, सारं लिहा. भांडण एकरावरून कमी आणि वाटेवरून जास्त होतं. मन बदललं तर नवं करता येतं, शेवटचं असेल ते खरं. मात्र वडिलोपार्जित जमिनीत मृत्युपत्र आपल्या वाट्यापुरतंच चालतं.

जिवंतपणी द्यायचं तर बक्षीसपत्र. त्याची नोंदणी हवीच. बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा मयत मुलाची बायको यांना शेतजमीन द्यायला महाराष्ट्राने २०१५ साली मुद्रांक शुल्क २०० रुपयांवर आणलं. वरचा अधिभार आणि आजचा दर दुय्यम निबंधकाकडे आधी विचारून घ्या. पण सावध राहा. मृत्युपत्र फिरवता येतं, बक्षीसपत्र सहसा फिरत नाही. म्हातारपणी सांभाळण्याची अट त्यातच लिहून घ्या, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार तेव्हाच मिळतो.

कर्जाचं काय? बापाचं कर्ज वारसावर येतं ते मिळालेल्या मिळकतीपुरतंच. त्यापलीकडे सावकार असो की सोसायटी, पोराच्या मजुरीवर हात टाकता येत नाही. तुम्ही स्वतः जामीन म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून दुखवट्याच्या घरात कोणी कागद पुढे केला तर त्या दिवशी सही करू नका.

आणखी दोन गैरसमज. बँकेत नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे तो मालक झाला असं नाही. तो पैसे घेऊन वारसांना देणारा विश्वस्त. आणि फेरफार झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली असंही नाही. पण फेरफार नसेल तर पीककर्ज अडतं, नुकसानभरपाई अडते. कोणी वारलं की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्या.

शेवटी मायबहिणींचं. निंदणी तिची, वेचणी तिची, आणि नवरा गेला की सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून तीच बँकेच्या दारात उभी. १९९० च्या सुमाराला शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती हाती घेतली तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी, सरकारने सांगितलं नसताना, आपल्या जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावे केला. तो उपकार नव्हता, जुनं देणं होतं. ते अजून पुरतं फिटलेलं नाही.

आपण इथून उठताना एवढंच ठरवू. दिवाळीला गावी जाऊ तेव्हा सातबारा आणि आठ-अ चा उतारा काढायचा. मेलेल्याचं नाव असेल तर वारसनोंद करायची. बहिणीला बोलावून तिच्या समोर बोलायचं. आणि थोरल्यांनी चार ओळी लिहून ठेवायच्या. मरणाची आठवण अभद्र नव्हे. मागे राहिलेल्यांना कोर्टाची पायरी चढायला लावणं, ते अभद्र.