वणी : गडाला नाव देणारे गाव

(गावाचा इतिहास आणि ओळख या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



महाराष्ट्रात ‘वणीला जाऊन आलो’ असे कोणी म्हटले की ऐकणारा सहज हात जोडतो. बोलणारा सप्तशृंगीच्या दर्शनाला जाऊन आला, हे त्याला सांगावे लागत नाही. मात्र गड आणि वणी ही दोन वेगळी ठिकाणे आहेत, हे त्या दोघांपैकी एकाच्याही ध्यानी नसते. सप्तशृंगगड कळवण तालुक्यात आहे आणि वणी दिंडोरी तालुक्यात. नांदुरी गाठून तिथून सुमारे दहा किलोमीटरचा घाट चढावा, तेव्हा गड येतो. तरीही लोकांच्या ओठी देवी ‘वणीची’ झाली. आपले नाव साक्षात जगदंबेला देण्याचे भाग्य फार थोड्या गावांना लाभते. पण या भाग्याला दुसरी बाजूही आहे. देवीच्या तेजात गावाचा स्वतःचा इतिहास झाकोळून गेला. आज विचार करायचा आहे तो त्या झाकलेल्या इतिहासाचा.

कोणत्याही गावाचे चरित्र त्याच्या भूगोलात दडलेले असते. वणीच्या उत्तरेला सातमाळा डोंगररांग पूर्व-पश्चिम पसरली आहे. अचला, अहिवंत, सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या आणि पुढे धोडप अशी दुर्गांची ही मालिका आहे. या रांगेच्या उत्तरेचे पाणी गिरणेतून तापीला मिळते आणि दक्षिणेचे कादवेतून गोदावरीला. म्हणजे एकीकडे बागलाण-खानदेश, दुसरीकडे गोदाकाठ, आणि दोहोंना जोडणाऱ्या खिंडी मधोमध. या खिंडी ओलांडून दक्षिणेत उतरणारा व्यापारी, यात्रेकरू वा सैन्य वणीच्या परिसरात येणारच. सरकारी दफ्तरात या गावाची नोंद ‘कसबे वणी’ अशी आहे. कसबा म्हणजे पेठ असलेले, आसपासच्या खेड्यांचा व्यवहार सांभाळणारे गाव. सुरतेच्या मुलुखातून घाटमाथ्यावर येणारी वाट आणि नाशिककडे उतरणारी वाट यांच्या सांध्यावर असा कसबा वसावा, यात नवल नाही.

या भूमीचा लेखी पुरावा बाराशे वर्षांहून जुना आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा गोविंद याचा नवव्या शतकाच्या पहिल्या दशकातला एक ताम्रपट वणी-दिंडोरी परिसरात सापडला आणि इतिहासाच्या ग्रंथांत तो ‘वणीचा ताम्रपट’ म्हणूनच ओळखला जातो. नासिक देशातील एका गावाच्या दानाचा हा लेख आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, हे दानपत्र मयूरखंडी येथून दिले गेले. ही मयूरखंडी म्हणजे वणीच्या उत्तरेचा मार्कंड्या, असे मत पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी मांडले आहे. त्यावर मतभेदही आहेत. पण ज्या सम्राटाच्या सेना उत्तरेत गंगेच्या खोऱ्यापर्यंत आणि दक्षिणेत कांचीपर्यंत पोहोचल्या, त्याच्या मुक्कामाचे स्थान शोधताना विद्वानांची दृष्टी वणीच्या डोंगरावर स्थिरावते, एवढेही या गावाला मान उंच करायला पुरे आहे.

वणीच्या इतिहासातला सर्वांत तेजस्वी दिवस मात्र १७ ऑक्टोबर १६७० हा आहे. त्या महिन्याच्या आरंभी शिवछत्रपतींनी सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि बागलाणमार्गे ते परत निघाले. ही वार्ता कळताच बुऱ्हाणपुराकडून दाऊदखान कुरेशी वाट अडवण्यासाठी धावून आला. चांदवडच्या बाजूने मोगल सेना पुढे सरकली, तेव्हा मराठे कांचन-मंचनच्या खिंडीतून सातमाळा ओलांडत होते. महाराजांपुढे दोन कर्तव्ये एकाच वेळी उभी होती. खजिना सुखरूप पुढे न्यायचा होता आणि पाठलागावर आलेल्या सैन्याला रोखायचे होते. त्यांनी खजिना पुढे काढला आणि स्वतः फौजेसह रणात उभे राहिले. मोगलांच्या आघाडीवर असलेला इखलासखान मियाना मागच्या कुमकेची वाट न पाहता तुटून पडला आणि जखमी होऊन घोड्यावरून कोसळला. दाऊदखानाची मुख्य फौज येईतो आघाडीची दाणादाण उडाली होती. अखेर मोगल नाशिककडे वळले आणि सुरतेची संपत्ती स्वराज्यात पोहोचली.

या लढाईचे मोल नीट समजून घ्यायला हवे. तोवर मराठ्यांची ख्याती होती ती गनिमी काव्याची, छाप्यांची आणि दुर्गयुद्धाची. वणी-दिंडोरीला त्यांनी मोगलांच्या नामांकित सरदारांशी दिवसाउजेडी, उघड्या मैदानावर गाठ घेतली. पुढच्याच वर्षी साल्हेर स्वराज्यात आला आणि १६७२ मध्ये त्याच साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांचा मोठा पराभव केला. साल्हेरच्या विजयाची पायवाट वणीच्या रानातून जाते. दाऊदखानाच्या छावणीत असलेल्या भीमसेन सक्सेना याने आपल्या फारसी ग्रंथात या प्रसंगाचा वृत्तान्त लिहून ठेवला. प्रतिपक्षाच्या माणसाने वणीची स्मृती कागदावर जपली, मग वणीच्या लेकरांनी ती किती जपायला हवी?

श्रद्धेच्या अंगानेही वणीचे स्थान आगळे आहे. साडेतीन शक्तिपीठांतले अर्धे पीठ म्हणून सप्तशृंगीची मान्यता आहे. चैत्रात खानदेशातून हजारो माणसे पायी गडाकडे निघतात. कोजागिरीला नद्यांचे पाणी कावडींतून येते. शिखरावर ध्वज लावण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या दरेगावच्या गवळी घराण्याकडे आहे. गडाच्या पायऱ्यांशी परंपरा सरदार दाभाड्यांच्या उमाबाईंचे नाव जोडते. अष्टादशभुजा देवीची किंचित कललेली मान पाहून भाविक सांगतात, की समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी करीत असलेले स्तवन ती ऐकते आहे. खुद्द वणी गावातही जगदंबेचे मंदिर आहे आणि नवरात्रात तिथे गावाचा स्वतःचा उत्सव भरतो.

२०२२ मध्ये गडावरील मूर्तीवर साचलेले शेंदराचे जाड कवच शास्त्रीय पद्धतीने दूर करण्यात आले आणि देवीचे मूळ रूप भाविकांच्या दृष्टीस पडले. ते रूप आधीपासून तिथेच होते, केवळ दिसत नव्हते. गावांच्या इतिहासाचेही असेच असते.

आता थोडे दूरच्या देशाकडे पाहू. नॉर्वेमध्ये १८३७ च्या कायद्याने स्थानिक स्वराज्याचा पाया घातला गेला. तिथल्या काही हजार वस्तीच्या ग्रामीण पालिकेलाही स्वतःचे मानचिन्ह असते, आणि गावाचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रंथांची तिथे जुनी परंपरा आहे. कारभाराच्या सोयीसाठी २०२० पर्यंत अनेक पालिका एकत्र करून त्यांची संख्या ३५६ वर आणली गेली. त्यांत ओलेसुंड शहरात विलीन झालेल्या शेजारच्या एका ग्रामीण पालिकेने पाठपुरावा करून १ जानेवारी २०२४ रोजी आपले स्वतंत्र अस्तित्व परत मिळवले. रस्ते आणि शाळा शहराबरोबर राहूनही मिळाल्या असत्या. लोकांना हवा होता तो स्वतःच्या नावाचा कारभार.

आपल्याकडे १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने आणि १९९३ पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने गावाला अधिकार दिले. ग्रामसभेत रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण गावाच्या स्मृतीचा विषय तिथे कधी निघतो का? द्राक्षमळे, टोमॅटो आणि कांद्याने दिंडोरी तालुक्याचे रूप पालटले आहे. ओझरखेडसारख्या धरणांनी शिवारे भिजवली. ही समृद्धी आनंदाचीच आहे. मात्र त्याच समृद्धीपायी बांध सपाट होतात, रस्ते रुंदावतात, आणि रानातली एखादी वीरगळ कोणाच्या तरी पायरीचा दगड होते. जुन्या वाड्यांतल्या मोडी कागदांना वाळवी लागते. शिवाराची जुनी नावे सांगणारी कोकणा आणि महादेव कोळी समाजातली वृद्ध मंडळी एकेक करून निघून जातात. त्यांच्याबरोबर जाते ते परत मिळत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत साल्हेर आहे. किल्ल्याला तट-बुरूज असतात, म्हणून तो ओळखू येतो. रणभूमीला तट नसतो. तिचा तट म्हणजे तिथल्या लोकांची आठवण. ती ढासळली की रणभूमीचे साधे रान होते.

म्हणून काम सांगायचे तर ते फार मोठे नाही. शाळेतल्या मुलांनी सुट्टीत आजी-आजोबांकडून शिवारांची, ओढ्यांची, खिंडींची नावे लिहून घ्यावीत. ज्यांच्या घरी मोडी कागद आहेत त्यांनी ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत. वीरगळी आणि जुनी शिल्पे जिथे आहेत तिथेच नोंदवून सुरक्षित करावीत. ग्रामसभेने दरवर्षी १७ ऑक्टोबरला या लढाईचे स्मरण करावे. आणि गडावर जाणाऱ्या भाविकाने वाटेत तासभर वणीत थांबून गावही पाहावे.

शतकानुशतके वणीने आपले नाव देवीला दिले आहे. त्या नावामागचा इतिहास पुढच्या पिढीच्या हाती सोपवणे, एवढे ऋण आपल्या पिढीने फेडायचे आहे.