रेज रूम काढताय? आधी इन्शुरन्सचं बोलू

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमधून आलाय. नाशिकचे दोन मित्र, दोघंही पंचविशीतले, भाड्याचा गाळा घेऊन रेज रूम काढतायत. एकाच्या वडिलांनी रिटायरमेंटच्या पैशातले काही लाख त्यात घातलेत. प्रश्न एका ओळीचा आहे, "दादा, याला इन्शुरन्स मिळतो का आणि कुठला घ्यायचा?"

रेज रूम माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हेल्मेट, जाड जॅकेट, ग्लोव्हज घालायचे, हातात बॅट घ्यायची आणि बंद खोलीत बाटल्या, प्रिंटर, जुने टीव्ही फोडायचे. हैदराबाद, बंगळुरूमध्ये अशा जागा निघाल्या तेव्हा रील्स बघितल्या असतीलच तुम्ही.

तर उत्तर असं की, मिळतो. पण एकच पॉलिसी घेतली आणि झालं, असं इथे होत नाही. कारण विमा कंपनी पैसे देते ते नकळत, अचानक झालेल्या नुकसानाचे. आणि तुमचा धंदाच मुळी ठरवून, तिकीट लावून नुकसान करण्याचा! म्हणून अर्ज भरायच्या आधी तुम्हीच एक रेघ ओढा. काय फुटण्यासाठी ठेवलंय आणि काय फुटता कामा नये? जी माणसं आत जातायत ती अर्थातच दुसऱ्या बाजूला.

सोपं आधी उरकू. गाळ्यातलं सामान, एसी, कॅमेरे, साउंड सिस्टीम, वॉलपॅनल, यांच्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. १ एप्रिल २०२१ पासून ती सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना विकावी लागते. एका जागेवरची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर हीच. आग, पूर, वादळ, दंगल वगैरे यात येतं. पण तुम्ही स्वतः किंवा तुमच्या संमतीने कुणी मुद्दाम केलेलं नुकसान यात नाही. म्हणजे भंगारवाल्याकडून आणलेला टीव्ही हा तुमचा कच्चा माल, त्याचा क्लेम विसरा. आणि गिऱ्हाइकाने जोशात कॅमेऱ्यावरच बॅट घातली तर? बॅट तुम्हीच दिलीत, आत तुम्हीच सोडलंत. तिथे कंपनीशी वाद होणार. माझं मत विचाराल तर अशा गोष्टींसाठी पॉलिसीच्या मागे लागू नका, गिऱ्हाइकाकडून डिपॉझिट घ्या.

आता खरा मुद्दा, पब्लिक लायबिलिटी. नाव ऐकून गोंधळ होतो, कारण १९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स ॲक्ट आहे. तो भोपाळच्या दुर्घटनेनंतर आलेला, घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठीचा कायदा. त्याखालची पॉलिसी तुमच्या कामाची नाही. तुम्हाला मागायचीय ती पब्लिक लायबिलिटी, नॉन-इंडस्ट्रियल. तुमच्या जागेत तिऱ्हाईत माणसाला इजा झाली आणि कायद्याने तुम्ही जबाबदार ठरलात, तर भरपाई आणि वकिलाचा खर्च ही पॉलिसी देते. मर्यादेपर्यंत, अर्थात.

ती मर्यादा दोन आकड्यांत लिहिलेली असते. एका अपघाताला किती आणि अख्ख्या वर्षाला किती. २५ लाख आणि १ कोटी असं असेल तर वर्षभरात वेगवेगळे अपघात मिळून १ कोटी, पण एका अपघाताला २५ लाखच. वकिलाचा खर्चही बहुतेक वेळा त्याच रकमेतून जातो. एजंट फक्त मोठा आकडा सांगेल, तुम्ही छोटा विचारा.

पण "कायद्याने जबाबदार" हे शब्द नीट ऐका. समजा तुमच्या हेल्मेटची काच आधीच तडकलेली होती आणि बाटलीचा तुकडा एका मुलीच्या डोळ्यात गेला. हा तुमचा निष्काळजीपणा, इथे पॉलिसी कामाला येते. आता दुसरी गोष्ट. एकाने सेल्फीसाठी स्वतःहून हेल्मेट काढलं, तुमच्या माणसाने दोनदा टोकलं, हे सगळं कॅमेऱ्यात आहे. इथे तुम्ही कदाचित जबाबदार ठरणारच नाही. मग पॉलिसी तुमचा वकील लढवेल, पण त्या मुलाच्या टाक्यांचं बिल कोण भरणार? त्यासाठी उपचारांच्या खर्चासह वेगळा ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट विचारा. त्यात चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही, अपघात आणि इजा पुरेशी. तिकिटात थोडे पैसे वाढवून हे बसवता येतं.

आणि पॉलिसीचं एक्सक्लूजनचं पान उघडून एक गोष्ट शोधाच. खेळात किंवा ॲक्टिव्हिटीत भाग घेणाऱ्याला झालेली इजा वगळलीय का? वगळली असेल तर तुमची पॉलिसी फक्त बाहेर सोफ्यावर बसलेली गिऱ्हाइकाची आई पाय घसरून पडली तरच उपयोगी. आत बॅट घेऊन उभा असलेला माणूस त्यात नाहीच. मग प्रीमियम भरला कशासाठी?

"पण दादा, आम्ही वेव्हर सही करून घेणार ना! स्वतःच्या जबाबदारीवर आत जातोय म्हणून." घ्या, जरूर घ्या. धोका काय आहे हे तुम्ही आधी सांगितलं होतं, याचा तो पुरावा आहे. पण त्या कागदाने तुमचा निष्काळजीपणा धुतला जाईल असं समजू नका. सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध करार १८७२ च्या करार कायद्यानेच रद्दबातल ठरतो, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी, अन्यायकारक करारांना वेगळं आव्हान देता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलाची सही तर करार म्हणून शून्य. वाढदिवसाच्या पार्ट्या घेणार असाल तर हे आधी डोक्यात ठेवा.

आणि ग्राहक आयोगात जायला गिऱ्हाइकाला फार काही लागत नाही. जिल्हा आयोगाची मर्यादा आता किती भरपाई मागितली यावर नाही, सेवेसाठी किती पैसे मोजले यावर ठरते. तुमचं तिकीट हजाराचं असेल तर भरपाई कितीही मागितली तरी केस जिल्हा आयोगातच आणि फी शून्य.

आता तो रिटायरमेंटचा पैसा. दोघांची साधी पार्टनरशिप असेल तर १९३२ च्या कायद्याने फर्मची देणी दोघांच्याही वैयक्तिक मालमत्तेपर्यंत पोहोचतात. वडिलांना कागदावर पार्टनर करून ठेवलं असेल तर त्यांच्या राहत्या घरापर्यंत सुद्धा. हे आज रात्री जेवताना त्यांच्याशी बोला. पैसे कर्ज म्हणून घेतलेत की भागीदारी म्हणून, हे आधी लिहून काढा. एलएलपी केली तर दुसऱ्याच्या चुकीसाठी तुमचं घर जात नाही, पण स्वतःच्या चुकीची जबाबदारी तिथेही सुटत नाही.

पुढचं जरा कडू आहे. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनला आग लागली, २७ जण गेले, त्यात लहान मुलं होती. त्या जागेला फायर एनओसी नव्हती. लायबिलिटी पॉलिसीत एक नेहमीचं कलम असतं, की कायद्याच्या अटी जाणूनबुजून मोडल्या असतील तर कंपनी बांधील नाही. म्हणजे एनओसीशिवाय धंदा सुरू केला तर प्रीमियम भरूनही उघड्यावर. "सगळेच असं करतात" हे सर्व्हेअरला सांगून बघा.

काय फोडायला देता, त्याची यादी करा. जुन्या डब्बा टीव्हीच्या ट्यूबमध्ये निर्वात पोकळी असते, ती फुटली की काच आधी आत खेचली जाते आणि मग चहूकडे उडते. शिवाय त्या काचेत शिसं असतं. ट्यूबलाइटमध्ये पारा. लॅपटॉपची लिथियम बॅटरी ठेचली तर पेट घेऊ शकते. मायक्रोवेव्हचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवतो. एवढं सगळं टाळून काचेच्या बाटल्या, चिनीमातीच्या प्लेटा, बॅटरी काढलेले कीबोर्ड-प्रिंटर ठेवले तरी लोकांना मजा येते, आणि ही यादी अर्जासोबत जोडली की अंडररायटर, म्हणजे धोका तोलून प्रीमियम ठरवणारा माणूस, तुम्हाला गंभीरपणे घेतो. इलेक्ट्रॉनिक भंगार नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या.

एक बारीक गोष्ट. बोर्डावर "थेरपी" लिहू नका. २०२४ मध्ये दीडशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासून संशोधकांनी सांगितलं की, राग असा बाहेर काढल्याने तो कमी होतो याला आधार नाही. उपचाराचा दावा केलात तर दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि विमा कंपनी म्हणेल, आम्ही मनोरंजनाचा धंदा कव्हर केला होता, उपचारांचा नाही. "मजा" लिहा. मजा तर आहेच.

कामाला ठेवलेली पोरं पब्लिक लायबिलिटीत येत नाहीत. काच झाडताना हात कापणार तो त्यांचाच. त्यांच्यासाठी एम्प्लॉयी कॉम्पेन्सेशनची पॉलिसी वेगळी, आणि ती स्वस्त असते, टाळू नका.

आता अर्ज. एजंट म्हणेल, "रेज रूम लिहिलं तर हेड ऑफिस नाही म्हणेल, इनडोअर गेम्स लिहू." नका ऐकू. विम्याचा करार पूर्ण खरेपणावर उभा असतो. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मेडिक्लेमच्या प्रकरणात सांगितलं की, महत्त्वाची माहिती लपवली तर कंपनी क्लेम नाकारू शकते. तेच तत्त्व इथे. धंद्याचं वर्णन तुम्ही स्वतः लिहा, फोटो जोडा, ईमेलने पाठवा आणि उत्तरही ईमेलनेच मागा. दोन-तीन कंपन्या नाही म्हणतील, म्हणू देत. एजंटऐवजी ब्रोकर गाठा, कारण ब्रोकर एकाच वेळी अनेक कंपन्यांकडे विचारू शकतो.

आणि उद्घाटनाची तारीख ठरवताना लक्षात ठेवा, १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबी प्रमाणे प्रीमियम कंपनीकडे जमा होईपर्यंत जोखीम सुरूच होत नाही. "पॉलिसी प्रोसेसमध्ये आहे" म्हणजे पॉलिसी नाहीये. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी लागेल, तो बजेटमध्ये धरा. पुढे क्लेमवरून कंपनीशी वाजलं तर सूक्ष्म उद्योगांना विमा लोकपालाकडे जाता येतं, ५० लाखांपर्यंत, फुकट. मुंबईत आणि पुण्यात ऑफिस आहे, तक्रार ऑनलाइनही होते.

नाशिकच्या मित्रांनो, कोटेशन आली की एक्सक्लूजनच्या पानाचा फोटो पाठवा, मर्यादेचे दोन्ही आकडे पण. पुढच्या भागात ते वाचून दाखवतो, तुमची नावं न घेता. भेटू.