दोन फेऱ्या, एक स्फोट : चार-स्ट्रोक इंजिनाचा प्रॉपेलर, इंधन आणि सायलेन्सर

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावरून सुचला. त्यांना ९१ आकाराचं, जुनं पण सुस्थितीतलं चार-स्ट्रोक ग्लो इंजिन मिळालंय. ते त्यांना ६० च्या दोन-स्ट्रोकसाठी बांधलेल्या ट्रेनर विमानावर बसवायचंय. ते विचारतात, ‘जुना ११×७ चा प्रॉप चालेल का? तेच इंधन चालेल का? आणि सायलेन्सर काढून सरळ नळी लावली तर ताकद वाढेल का?’

थोडक्यात उत्तर देतो. प्रॉपचं ठाम नाही. इंधनाचं, त्यात काय काय मिसळलंय त्यावर. आणि सरळ नळीचंही नाहीच. आता का, ते बघू.

नवीन मंडळींसाठी आधी आकड्यांचा अर्थ. ६० म्हणजे ०.६० घन इंच, साधारण १० सीसी. ९१ म्हणजे साधारण १५ सीसी. इंजिन दीडपट मोठं, तरी विमान तेच चालतं, कारण चार-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. दोन-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. जपानच्या ओ. एस. कंपनीने १९७६ साली एफएस-६० आणलं, तेव्हापासून ही छोटी चार-स्ट्रोक इंजिनं सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आली. पुढे साइतोची आली. नाव कुठलंही असो, दोन फेऱ्या आणि एक स्फोट हे गणित सगळ्यांना सारखंच. प्रॉप, इंधन, सायलेन्सर, तिन्हींची उत्तरं यातूनच निघतात.

प्रॉपेलर

११×७ म्हणजे व्यास ११ इंच आणि पिच ७ इंच. पिच म्हणजे न घसरता फिरला तर प्रॉप एका फेरीत किती पुढे जाईल ते अंतर. प्रॉपचा इंजिनावर किती भार पडतो, याचा एक ढोबळ हिशेब आहे: व्यासाचा चौथा घात गुणिले पिच. ११×७ चं उत्तर येतं सुमारे १,०२,०००. १४×६ चं येतं सुमारे २,३०,०००. म्हणजे ९१ च्या इंजिनाला जुना ११×७ लावला तर त्याच्यावर योग्य भाराच्या निम्माही भार येत नाही.

मग काय होतं? इंजिन मोकाट सुटतं. १४×६ वर जमिनीवर मिनिटाला नऊ-दहा हजार फेरे घेणारं इंजिन तेरा हजारांकडे धावायला बघतं. दोन-स्ट्रोकला ते पेलतं. इथे मात्र वर व्हॉल्व आहेत, त्यांच्या स्प्रिंगा आहेत, पुशरॉड आहेत. फेरे मर्यादेबाहेर गेले की स्प्रिंगेला व्हॉल्व वेळेवर बंद करता येत नाही. तिथून पुढे झीज आणि मोडतोड. जुन्या इंजिनाचे सुटे भाग मिळवणं किती जिकिरीचं असतं, ते ज्यांनी शोधलेत त्यांना विचारा.

उलट टोकही वाईट. फारच मोठा प्रॉप लावला तर इंजिन दमतं, तापतं, आणि मिश्रण वेळेआधीच पेटायला लागतं. मग पिस्टनला उलटा दणका बसतो, प्रॉपचं नट सैल होतं आणि प्रॉप सुटून पुढे भिरकावला जातो. चार-स्ट्रोकबरोबर दुहेरी लॉक नट येतं ते याचसाठी. जुन्या इंजिनाबरोबर ते आलंय का, हे आधी तपासा. नसेल तर मिळवा, मगच इंजिन सुरू करा. सुरू करताना बोट नको, स्टार्टर किंवा काठी वापरा. चालू झाल्यावर नीडल लावायची ती विमानाच्या मागे उभं राहून. प्रॉपच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, आणि मुलं तर नाहीच नाही.

आता निवड. ९१ साठी १४×६ किंवा १३×८ पासून सुरुवात करा. गंमत बघा, या दोघांचा भार जवळपास सारखाच येतो, पण स्वभाव वेगळा. नऊ हजार फेऱ्यांना ६ पिचचा हिशेबी वेग येतो ताशी ८२ किलोमीटर, ८ पिचचा ११० च्या आसपास. ट्रेनर हे जाड पंखाचं, हवेला अडणारं, सावकाश उडणारं विमान. त्याला ओढ हवी, वेग नको. म्हणून १४×६. कमी पिचमुळे उतरताना विमान लवकर मंदावतं, हा वरचा फायदा. निर्मात्याच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर माझं ऐकू नका, पत्रकाचं ऐका.

फक्त एक बघा. ११ चा १४ केला की टोक जमिनीच्या दीड इंच जवळ येतं, म्हणजे जवळपास चार सेंटिमीटर. गवताच्या मैदानावर पुढचं चाक जरा दबलं की प्रॉप जमिनीला लागलाच. मोठी चाकं किंवा लांब पाय लावावे लागतील. आणि टॅकोमीटर घ्या. कानाने फेरे मोजणारे बरेच भेटतात, पण चार-स्ट्रोकचा आवाज कानाला फसवतो.

इंधन

इंधनात तीन गोष्टी: मिथेनॉल, तेल आणि नायट्रोमिथेन. ग्लो प्लगला ठिणगी नसते. आधीच्या स्फोटाची धग धरून तार लाल राहते आणि पुढचं मिश्रण पेटवते. चार-स्ट्रोकमध्ये मधली एक फेरी कोरडी जाते, तेवढ्यात तार थंड होऊ शकते. म्हणून प्लग चार-स्ट्रोकसाठीचाच हवा, आणि मंद गतीला स्थिर चालायला नायट्रोची मदत होते. १० ते १५ टक्के पुरे. आपल्याकडे नायट्रो महाग आणि सहज न मिळणारं. बिननायट्रोवरही इंजिन चालतं, फक्त मंद गती थोडी वर ठेवावी लागते. नायट्रोचं प्रमाण बदललं की नीडल पुन्हा लावायची, हे विसरू नका.

तेल १८ ते २० टक्के, सिंथेटिकमध्ये थोडं एरंडेल. इंजिन तापलं तरी एरंडेल साथ सोडत नाही. नीडल लावताना सर्वांत जास्त फेरे जिथे मिळतात तिथे थांबायचं नाही. तिथून दोन-तीनशे फेरे उतरतील इतकं मिश्रण जाड करायचं. मग विमानाचं नाक वर धरून बघायचं, आवाज पडता कामा नये. मिश्रण पातळ राहिलं की पहिला बळी एक्झॉस्ट व्हॉल्वचा.

आता गंज. दोन-स्ट्रोकमध्ये ताजं, तेलकट मिश्रण क्रँककेसमधूनच जातं, त्यामुळे तो आतून धुतला जातो. चार-स्ट्रोकमध्ये तसं होत नाही. पिस्टन रिंगेच्या बाजूने निसटलेला वायू, पाणी आणि आम्ल खाली साठतं आणि मागचं बेअरिंग खातं. त्यात मिथेनॉल हवेतली ओल ओढतं. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून दिवस संपताना टाकीतलं इंधन काढा, इंजिन कोरडं होऊन बंद पडू द्या, आणि ब्रीदरच्या नळीतून क्रँककेसमध्ये तेल सोडा. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यावर इंजिन वीस वर्षं टिकतं.

आणि हात जोडून सांगतो, मिथेनॉल विष आहे. पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो. पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, हेही लक्षात असू द्या.

सायलेन्सर

दोन-स्ट्रोकमध्ये नळीची लांबी जुळवून ताकद वाढवता येते. कारण तिथे एक्झॉस्टचं भोक उघडं असताना परतलेली दाबाची लाट ताजं मिश्रण आत ढकलते. चार-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व तेव्हा बंद झालेला असतो. त्यामुळे सरळ नळीने जाणवण्याइतकं काही मिळत नाही. जातं मात्र बरंच. सायलेन्सरवरून टाकीला दाब देणारी नळी असेल तर तो दाब जातो, आणि त्याबरोबर इंधनाचा सारखा पुरवठा.

आवाजाचंही गणित सांगतो. नऊ हजार फेऱ्यांना चार-स्ट्रोकचे सेकंदाला ७५ स्फोट होतात, दोन-स्ट्रोकचे १५०. म्हणून तो खालचा, बुलेटसारखा धडधडणारा सूर. तो लोकांना कमी बोचतो. शहराजवळची मैदानं आधीच कमी उरलीत, आणि शेजाऱ्यांच्या एका तक्रारीवर मैदान हातचं जातं. सायलेन्सर ठेवण्याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हेच.

नळी हेडमध्ये आट्यांवर बसते. तापून थंड होताना ती सैल होते. उष्णता सोसणारं सीलंट लावा, लॉक नट आवळा, पण जोर करू नका, ॲल्युमिनियमचे आटे चटकन जातात. दर उड्डाणाआधी, इंजिन थंड असताना, एकदा हाताने हलवून बघा.

तर श्रोतेमित्रा, क्रम असा ठेवा. आधी लॉक नट, मग १४×६, मग प्लग आणि इंधन, आणि सायलेन्सर आहे तिथेच राहू दे. पहिल्या काही टाक्या जाड मिश्रणावर, घाई न करता. टॅकोमीटरने काय दाखवलं ते जरूर कळवा.

पुढच्या भागात व्हॉल्वचं अंतर कसं लावायचं ते बघू. तोवर बोटं सांभाळा. नमस्कार.