न्यायासनाची वाट आणि तीन वर्षांची उमेदवारी



मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना 1862 साली झाली. तेथे पहिल्या स्त्री न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती सुजाता मनोहर विराजमान झाल्या, त्या 1978 साली. मध्यंतरी 116 वर्षे लोटली. या काळात बुद्धिमान स्त्रिया नव्हत्या, असे मुळीच नाही. नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी 1892 मध्येच ऑक्सफर्ड येथे कायद्याची परीक्षा दिली होती. परंतु स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा हिंदुस्थानात होण्यास 1923 साल उजाडले.

त्याच सुमारास लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन मिठान टाटा, म्हणजेच पुढील काळातील मिठान लाम, मुंबईस परतल्या. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. त्यांनी सुमारे तीन वर्षे थोर कायदेपंडित भुलाभाई देसाई यांच्या हाताखाली काम केले. पुढे त्या कार्यकारी दंडाधिकारी झाल्या, विधी महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि 1947 साली मुंबईच्या शेरीफपदाचा मान त्यांना लाभला. ज्येष्ठाकडून जे मिळाले, ते त्यांनी विद्यार्थ्यांच्या पदरात टाकले.

न्या. सुजाता मनोहर यांच्या घरी कायद्याचा वारसा होता. त्यांचे वडील कांतिलाल देसाई हे गुजरात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. ऑक्सफर्ड व लिंकन्स इन येथील शिक्षणानंतर त्यांनी 1958 मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. 1994 साली त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश झाल्या आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात पोहोचल्या. 13 ऑगस्ट 1997 रोजी विशाखा खटल्याचा निकाल देणाऱ्या तीन न्यायाधीशांच्या पीठात त्यांचा समावेश होता. नोकरीच्या ठिकाणी स्त्रीचा लैंगिक छळ होऊ नये, यासाठी त्या निकालाने नियम घालून दिले. त्यातूनच 2013 चा कायदा आला. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील, तेथे तक्रार समिती नेमणे त्याने बंधनकारक केले. मरोळ औद्योगिक वसाहतीत अथवा सीप्झमध्ये कामास जाणाऱ्या प्रत्येक भगिनीच्या पाठीशी तो निकाल उभा आहे.

परंतु ज्या कन्येच्या घरी कोणीही वकील नाही, तिने काय करावे? हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेस बसण्यापूर्वी किमान तीन वर्षे वकिली झालेली असावी. त्या अनुभवाचा दाखला दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलानेही द्यावा व त्यावर तेथील प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता असावी, अशी तरतूद त्यात आहे. म्हणजे ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत जागा मिळाली, तरच कन्येची वाट सुकर होते. उत्तनच्या न्यायिक अकादमीतील प्रशिक्षण त्यानंतरचे.

निर्णय योग्यच आहे. कापडाचा पोत पुस्तक वाचून कळत नाही; त्यासाठी ठाण हाती घ्यावे लागते. मात्र या उमेदवारीत मिळकत अत्यल्प असते. भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये शहरातील कनिष्ठ वकिलांस दरमहा किमान 20,000 रुपये द्यावेत असे सुचविले. परंतु ती शिफारस आहे, सक्ती नाही. नेमक्या याच वयात घरात विवाहाचा विषय निघतो, आणि "कमाई नाही, मग कोर्टात कशाला जायचे?" असे विचारले जाते. मुलगा दुकानाच्या गादीवर बसला, तर पहिल्या तीन वर्षांत त्याच्याकडे नफ्याचा हिशेब कोणी मागत नाही. कन्येकडे तरी तो का मागावा?

यास्तव तीन नम्र विनंत्या. समाजातील ज्येष्ठ वकिलांनी प्रत्येकी किमान एका कन्येस आपल्या कचेरीत उमेदवारीसाठी घ्यावे. माता-पित्यांनी ही तीन वर्षे शिक्षणातच गणावीत. आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांनी पदवीपाशी हात आखडता न घेता पुढील तीन वर्षेही साहाय्य चालू ठेवावे. घरी वारसा नसलेल्या कन्येला तो समाजाने द्यावा.

जय जिनेंद्र!