पोलादाच्या पोटांतील ताण

बैलगाडीच्या चाकावर लोहार धांव चढवितांना आपल्यापैकीं कांहींनीं पाहिलें असेल. लोखंडी धांव चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान ठेवलेली असते. ती विस्तवांत लाल तापून फुगली कीं चाकावर बसवावयाची आणि लागलीच पाणी ओतावयाचें. धांव आकसते व चाकाला मगरमिठी घालते. पुढें ती गाडी ओझ्यावांचून, बैलांवांचून परसांत उभी असली तरी धांवेंत ओढ आहे आणि लांकडांत दाब आहे. बाहेरून कोणी ओढीत नाहीं, कोणी दाबीत नाहीं. आंतली झटापट मात्र अष्टौप्रहर चालूच. वस्तु घडवितांना तिच्या पोटांत राहून गेलेल्या अशा ताणाला अवशिष्ट ताण म्हणतात. तो मोजणें हाच ज्यांचा धंदा, अशा मंडळींविषयीं आज मला बोलावयाचें आहे. इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं अशा एका लहानशा कंपनींत मी कांहीं वर्षें काम केलें.

लोहार हा ताण जाणूनबुजून घालतो. पुष्कळदां मात्र तो न बोलावितां येतो. पोलादाचे दोन जाड पत्रे वेल्डिंगनें जोडले म्हणजे सांध्यांतील वितळलेला धातु निवतांना आकसूं पाहतो आणि भोंवतालचा थंड पत्रा त्याला आकसूं देत नाहीं. सांध्यांत ओढ राहून जाते. कधीं कधीं तर पोलाद कायमचें ताणलें जाण्याच्या मर्यादेइतकी. ती डोळ्यांना दिसत नाहीं, आणि वरून रंगाचा हात दिला म्हणजे सांधा कसा देखणा दिसतो!

१९४३ च्या जानेवारीच्या १६ तारखेस अमेरिकेंतील पोर्टलंड येथें ‘स्केनेक्टडी’ नांवाचें नवें तेलवाहू जहाज धक्क्याशीं शांत पाण्यांत उभें असतां प्रचंड आवाज होऊन मधोमध दुभंगलें. वादळ नव्हतें, थंडी मात्र होती. युद्धाच्या घाईंत वेल्डिंग करून बांधलेल्या इतरही जहाजांना भेगा पडूं लागल्या, तेव्हां अनेकांनीं बोट दाखविलें तें सांध्यांतील अवशिष्ट ताणाकडे. पुढें केंब्रिज येथील कॉन्स्टन्स टिपर या विदुषीनें दाखविलें कीं, तें पोलादच थंडींत ठिसूळ होत होतें. शिवाय रिव्हेट मारलेल्या जहाजांत भेग पत्र्याच्या कडेशीं येऊन थांबे. वेल्डिंगच्या जहाजांत तिला अडवावयास कड उरली नव्हती. अवशिष्ट ताण अगदींच निर्दोष होता असें नव्हे. परंतु सगळें खापर त्याच्या माथीं फोडणें म्हणजे न मोजतां निकाल देणें होतें, आणि माझ्या मतें या धंद्याचें खरें समर्थन येथेंच आहे.

हा ताण मोजावयाचा कसा? क्ष-किरणांनीं पृष्ठभागाजवळचा कळतो. न्यूट्रॉनांच्या झोतानें आणखी आंतलाही कळतो, पण त्यासाठीं वस्तु उचलून मोठ्या प्रयोगशाळेंत न्यावी लागते. वीजघरांतील अजस्र पात्र कोण उचलून नेणार? तेथें खोल छिद्राची पद्धत उपयोगी पडते. ब्रिस्टलच्या विद्यापीठांत विसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्यावर पुष्कळ काम झालें. बंदुकीची नळी कोरतात तशा लांब, सरळ गिरमिटानें सुमारें ३ मिलिमीटर व्यासाचें छिद्र आरपार पाडतात. त्यांत एक बारीक शलाका सोडून तिच्यावाटे हवा फुंकतात, आणि हवेच्या उलट दाबावरून छिद्राचा व्यास निरनिराळ्या खोलीवर, निरनिराळ्या कोनांत मोजून ठेवतात. मग विजेच्या ठिणग्यांनीं धातु झिजवून छिद्राभोंवतीं गोल खांच पाडतात. मधला गाभा शेजारच्या पोलादाच्या मिठींतून सुटला कीं जणूं सुस्कारा टाकतो, आणि छिद्राचा व्यास अल्पसा बदलतो. पुन्हां मोजावयाचें. फरक मिलिमीटरच्या कांहीं हजारांशांचा. डोक्यावरचा केस याच्या दसपट तरी जाड असतो. त्या फरकावरून मूळचा ताण गणितानें काढतात. मात्र गाभा एकदां सुटला कीं पहिलें माप पुन्हां घेतां येत नाहीं. वैद्याला दुसऱ्या दिवशीं नाडी पाहतां येते. आम्हांला ती सोय नाहीं.

एका वीजघरांत रात्रपाळीचें काम होतें. वाफेच्या जाड नळाचा एक सांधा ठेवावयाचा कीं बदलावयाचा, हें ठरावयाचें होतें. यंत्रें बंद असल्यानें मालकांना प्रत्येक तास महाग पडत होता. सकाळीं सहाला जागा मोकळी करून द्यावयाची. छिद्र झालें, पहिलें मोजमाप झालें, खांच पाडण्याचें यंत्रही चढविलें. इतक्यांत आमच्यांतला सर्वांत धाकटा, नुकताच उमेदवार म्हणून लागलेला मुलगा हलक्या आवाजांत म्हणाला कीं, ४० मिलिमीटर खोलीवरचा आंकडा त्याला खटकतो. शेजारच्या आंकड्यांशीं तो जुळत नाहीं. आमचा प्रमुख या कामांत मुरलेला, मोठा अबोल माणूस. त्यानें घड्याळाकडे पाहिलें नाहीं. यंत्र उतरवावयास सांगितलें. छिद्र धुतलें तेव्हां पोलादाची एक बारीकशी चीप बाहेर आली. सारें मोजमाप पुन्हां झालें आणि आठ वाजले. मालकांचा अधिकारी आम्हांला जें बोलला तें आकाशवाणीवरून सांगण्याजोगें नाहीं.

त्या मुलाला बोलण्याचा धीर कोठून आला? आमच्याकडे दर शुक्रवारीं चहाच्या वेळीं आठवड्यांतील संशयित मापें मोठ्यानें वाचीत, आणि ज्यानें माप घेतलें त्यानेंच वाचावयाचें. पहिलें वाचन प्रमुखाचें असे. त्याची दोन-तीन मापें ऐकल्यावर मग कोणाला लाज वाटत नसे. दुसरा रिवाज असा कीं, वरच्या मजल्यावर गणित करणाऱ्यांनीं महिन्यांतून एक दिवस खालीं गिरमिटापाशीं उभें राहावयाचें. हे विद्वान् लोक कपड्यांना तेल लागूं नये म्हणून किती कसरत करीत, तें पाहण्यासारखें असे!

तिसरा रिवाज लिफाफ्याचा. मालकांनीं आपल्या गणितानें काढलेला अपेक्षित ताण बंद लिफाफ्यांत राहावयाचा. आमचें उत्तर निघेपर्यंत तो फोडावयाचा नाहीं. ही सोवळेपणाची हौस नव्हे. युरोपांत २००२ सालीं स्थापन झालेल्या ‘नेट’ नांवाच्या गटानें १७ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यावर वेल्डिंगची एकच रेघ ओढून तसे पत्रे अनेक प्रयोगशाळांकडून तपासून घेतले. नामांकित ठिकाणच्या आंकड्यांतही तफावत आढळली. मग डोळ्यांसमोर आधींच उत्तर असेल, तर हात नकळत तिकडे वळणारच.

त्या रात्रीच्या मापांचें गणित आठवडाभर चाललें. लिफाफा फोडला, तेव्हां आमची ओढ मालकांच्या अपेक्षेहून बरीच अधिक निघाली. दोघांनीं सुचविलें कीं, पुन्हां एकदां गणित तपासावें. प्रमुखानें तें दुसऱ्याच माणसाकडून तपासून घेतलें आणि आंकडा होता तसा धाडला. दोन महिन्यांनीं मालकांनीं तो सांधा कापून काढला व तुकडा आमच्याचकडे पाठविला. आतां हवा तितका चिरा आणि मोजा, असा त्याबरोबर निरोप होता. उमेदवारानें त्याच दुपारीं गिरमीट लावलें.